सात डोक्यांच्या रूथबाई

रूथबाई साळवे स्वतःबद्दल बोलताना 'आम्ही' म्हणायच्या. त्यात मोठेपणाचा भाग नव्हता. आपण एकट्या नाही, आपल्या आत बरीच मंडळी राहतात, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. परळच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत मी नवीन लागले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डब्यातली अळूवडी न विचारता उचलली, खाल्ली आणि बोटं पुसत म्हणाल्या, "माफ कर हं. हे आमचं दुसरं डोकं. त्याला वळण नाही."

मी गिरगावातून ट्रामने आलेली, नव्या पातळाच्या निऱ्या सांभाळत बसलेली. मी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. ते एकच होतं. लिंबाएवढा अंबाडा, जाड भिंगांचा चष्मा आणि ओठाच्या कोपऱ्यात अळूवडीचा तीळ.

"कळलं नाही ना?" त्या म्हणाल्या. "आमच्या बायबलात अगदी शेवटी समुद्रातून एक पशू वर येतो. सात डोक्यांचा. जगभरचे विद्वान शोधतायत तो कोण. कोणी म्हणतो अमका राजा, कोणी म्हणतो तमका देश. मला तो नगरला कॉलेजात असतानाच सापडला."

"कुठे?"

"आरशात."

आणि त्या हसल्या. रूथबाईंचं हसू आधी खांद्यांत यायचं, मग पोटात उतरायचं आणि तोंडाला शेवटी कळायचं. तोवर समोरचा माणूस हसायला लागलेला असायचा.

पुढे मला त्यांच्या डोक्यांची नीट ओळख झाली. पहिलं डोकं नगरचं होतं. नगरसारखं पाणी नाही, नगरसारखी मराठी नाही, असं ते म्हणे. दुसरं खादाड. तिसरं दुसऱ्यांच्या चुका काढायचं. मुख्याध्यापिकांच्या सूचनेतला चुकीचा अनुस्वार ते लाल पेन्सिलीने खोडून यायचं. चौथ्याला भांडणात शेवटचा शब्द आपलाच लागायचा, आणि चौथं डोकं सगळ्यांत वाईट, असं त्या स्वतःच सांगत. पाचव्या-सहाव्याबद्दल त्या लग्न न झालेल्या मुलींसमोर बोलत नसत. सातवं झोपलेलं होतं. "ते उठलं की कळवते," म्हणायच्या.

त्या मराठी आणि शास्त्र, म्हणजे बायबल, दोन्ही शिकवायच्या. वय पन्नाशीच्या पुढे. लग्न केलं नव्हतं. कायम पांढरं पातळ नेसायच्या. लालबागच्या एका चाळीत एका खोलीत राहायच्या. संदेष्ट्यांची जेवढी म्हणून भाकितं आहेत ती सगळी त्यांनी वर्षानुवर्षं घोकलेली होती, पण कोणी त्यांना "मग उद्या काय होणार?" असं विचारलं की त्या चिडायच्या. "उद्याचं विचारायला संदेष्टा कशाला लागतो? त्याला विचारावं, आत्ता माझ्या पोटात काय चाललंय."

बायबलात एका ठिकाणी लिहिलंय की दऱ्या भरून येतील आणि डोंगर सपाट होतील. रूथबाईंनी त्याचा रोजचा हिशोब ठेवला होता. सकाळी शिक्षकांच्या खोलीत शिरताच त्या जाहीर करायच्या, "आज आमचा डोंगर गोलंजीच्या टेकडीएवढा आहे. कालच्या भाषणाला टाळ्या पडल्या. कोणीतरी खणा." कोणी उतरलेल्या चेहऱ्याने बसलेली असली तर तिच्यासमोर पुडीतले चणे ओतून म्हणायच्या, "ही दरी. भरा." शाळा तपासायला साहेब येऊन गेल्यावर आम्ही सगळ्याजणी अर्धमेल्या होऊन बाकांवर पडलो होतो, तेव्हा त्यांनी दारात उभं राहून सुक्या हाडांच्या खोऱ्याची गोष्ट सांगितली. संदेष्ट्याने हाक मारली की हाडाला हाड येऊन मिळतं, त्यांवर मांस चढतं, वारा शिरतो आणि सैन्य उभं राहतं. गोष्ट संपेपर्यंत शिवणाच्या बाई उठून बसल्या होत्या आणि चित्रकलेच्या बाईंनी चहा टाकला होता. "बघा," रूथबाई म्हणाल्या, "यात कुठला देश आला? चहा आला."

ती सगळी संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीची वर्षं होती. गिरणगावात भिंत दिसली की तिच्यावर घोषणा असायची. मधेच संचारबंदी लागायची, शाळा बंद पडायची, गोळीबाराच्या बातम्या यायच्या आणि वर्गातल्या एखाद्या मुलीचा भाऊ घरी परतलेला नसायचा. त्या दिवसांत रूथबाईंचं हसू मी थांबलेलंही पाहिलं आहे. त्या अशा मुलीच्या घरी जाऊन मुकाट्याने भाकऱ्या थापत बसायच्या.

पण मोर्चा निघाला की त्या पुढे. लालबागच्या नाक्यावर बायकांच्या एका मोर्चात मी त्यांच्या शेजारी होते. आमच्या फलकाची काठी कडकन मोडली आणि फलक आमच्याच डोक्यांवर आला. समोर पोलिसांची रांग. रूथबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ एका हवालदारापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"दादा, तुमची काठी जरा देता?"

हवालदाराने त्यांच्याकडे पाहिलं. मग आपल्या साहेबाकडे पाहिलं.

"बाई, मागे व्हा," साहेब म्हणाला. "मलाही पाहिजे मुंबई महाराष्ट्रात, पण मागे व्हा."

"तुम्हालाही पाहिजे ना? मग आपला फलक खाली पडलाय."

साहेबाने खिशातून रुमाल काढला आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ तोंड पुसत राहिला. तेवढ्यात हवालदाराची लाठी आमच्या हातात आली. पुढच्या कोपऱ्यापर्यंत आमचा फलक सरकारी लाठीवर फडकत गेला. घोषणा देणाऱ्या बायका हसून हसून घोषणा विसरल्या. कोपऱ्यावर रूथबाईंनी लाठी पदराने पुसून परत केली आणि "सलाम, दादा" म्हणाल्या.

घरी जाताना मी म्हटलं, "तुमच्या बायबलातलं ते तलवारींचे नांगर होतील, ते आज झालं की."

"झालं, पण पोलिसाचं नाही, आमचं," त्या म्हणाल्या. "काठी मोडली तेव्हा त्या हवालदाराला मोडक्या तुकड्याने हाणावं असं आमच्या मनात आलं होतं. हात उचललाही होता. मग वाटलं, मागून तर पाहू."

आता त्या उपदेशकाबद्दल सांगायला हवं. कारण रूथबाईंच्या या आतल्या डोंगर-दऱ्यांची खरी परीक्षा त्याच्यामुळे झाली.

तो बाहेरगावाहून आला होता आणि परळच्या प्रार्थनामंदिराच्या सभागृहात त्याची व्याख्यानं सुरू झाली. त्याच्याकडे एक मोठा रंगीत पडदा होता. त्यावर पशू, शिंगं आणि मधोमध एक उंच मूर्ती. डोकं सोन्याचं, छाती चांदीची, पोट पितळेचं, पाय लोखंडाचे आणि पावलं लोखंड व माती मिसळून केलेली. तो छडीने एकेक अवयव दाखवी आणि एकेका साम्राज्याचं नाव घेई. शेवटी तो मुंबईवर आला. ज्या नगरीवरून एवढं रक्त सांडलं तिचा न्याय जवळ आला आहे, असं तो म्हणाला. येत्या रविवारी समुद्र आत येईल. ज्यांना जायला गाव आहे त्यांनी जावं.

त्या महिन्यांत शहराबद्दल काहीही सांगितलं तरी खरं वाटायचं. मला रूथबाईंनी ओढूनच नेलं होतं. त्या शेजारून उठल्या तेव्हा मी त्यांचा पदर धरला, पण तो हातातून निसटला.

"उपदेशकसाहेब, ही मूर्ती आमच्या ओळखीची आहे," त्या म्हणाल्या. "जरा छडी देता?"

पस्तीस वर्षं शिकवणाऱ्या बाईने छडी मागितली की माणूस देतो. त्यानेही दिली.

"डोकं सोन्याचं. बरोबर," रूथबाई म्हणाल्या. "आमच्या डोक्यातले विचार सगळे सोन्याचेच असतात. छाती चांदीची. प्रार्थनेच्या वेळी छान वाजते. पोट पितळेचं, ते रोज घासावं लागतं. तंगड्या लोखंडाच्या, एकदा बसलो की हलत नाही. पण साहेब, चालायला लागलं की पाय मातीचे." लोक हसू लागले. मग त्यांचा आवाज खाली आला. "शास्त्रात त्या पायांवर एक दगड येऊन आदळतो आणि सगळी मूर्ती कोसळते. तो दगड प्रत्येकाच्या पायावर कधीतरी पडतो. माणूस खाली बसतो, रडतो आणि नवा होऊन उठतो. समुद्र कशाला पाहिजे त्याला?"

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत मात्र एक उंच, काटकुळा माणूस हात मांडीवर ठेवून तसाच बसला होता. तो रूथबाईंचा धाकटा भाऊ दानियल. त्या प्रार्थनामंदिराच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्या पंचांपैकी तो एक होता. तो रे रोडला लाकडाच्या वखारीवर मुकादम होता. बहीण-भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

त्याचं कारण रूथबाईंनी मला पूर्वीच सांगितलं होतं. नगरला वडिलांना मूठमाती देताना दानियलने प्रार्थना केली. ती एवढी लांबली की खड्डा खणणारे फावडी टेकून खाली बसले आणि त्यांतला एक घोरायला लागला. रूथबाई हसल्या. त्यांचं हसू खांद्यांतून पोटात आणि तिथून सगळ्या दफनभूमीत गेलं. दानियल त्यानंतर त्यांच्याशी एक शब्दही बोलला नाही. "आणि आम्ही माफी मागितली नाही," त्या म्हणायच्या, "कारण प्रार्थना खरंच लांब होती."

व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी पंच बसले. देवाच्या सेवकाची थट्टा केली म्हणून रूथबाईंना रविवारच्या शाळेतून काढलं. तिथे त्या गल्लीबोळातल्या पोरांना गोष्टी सांगत. तेच त्यांचं खरं घरदार होतं. हात वर करणाऱ्यांत दानियलचाही हात होता. त्या दिवशी मी डबा उघडा करून त्यांच्यासमोर सरकवला, तर दुसऱ्या डोक्याने त्याकडे बघितलंही नाही. "सातवं उठलंय, कुमुद. रडकं निघालं," एवढंच म्हणाल्या.

रविवार उजाडला. मला त्यांनी जेवायला बोलावलं होतं. मी चाळीत पोचले तेव्हा शेजारच्या परबकाकू त्यांच्या दारात उभ्या राहून बोलत होत्या.

"काल तुमची भावजय इली होती. तुम्ही नाय होतात. पोरांका घेऊन नगराक चलली. रडत होती बापडी."

"दानियल पण गेला ना?"

"नाय तर. तोच तर येत नाय म्हणता. वखारीत बसतलो म्हणता. म्हणता, बहीण हंय आसताना मी खंय जांव?" परबकाकूंनी जरा थांबून विचारलं, "बाई, समुद्राचा तां खरा काय? तसा आसला तर वाळवण काढतंय गच्चीवरसून."

रूथबाई तशाच आत गेल्या. चुलीवरचं सुरमईचं कालवण होतं तसं डब्यात भरलं, भात कोंबला आणि चपला घातल्या. रे रोडपर्यंतचा रस्ता त्यांनी असा कापला की मला पळावं लागलं.

रविवारची वखार बंद होती, पण फाटक नुसतं लोटलेलं. आत सागाच्या ओंडक्यांच्या उंच उंच चळती. त्यांतल्या सगळ्यांत उंच चळतीवर, भर उन्हात, काळा कोट घातलेला दानियल छत्री उघडून बसला होता. शेजारी पिण्याच्या पाण्याचा घडा आणि दोराचं वेटोळं. दोन पोती अंथरलेली होती. एकावर तो होता, दुसरं रिकामं होतं.

"सलाम, दानियल," रूथबाई खालून म्हणाल्या.

"सलाम." त्याचा आवाज घोगरा झाला होता. "उशीर केलास. वर ये."

"कशी येऊ?"

"दोर सोडतो."

पुढची चढाई कशी झाली ते मला नीट सांगता येणार नाही, कारण खालून ढकलताना माझे डोळे मिटलेले होते. एक चप्पल माझ्या खांद्यावरून खाली गेली. एकदा रूथबाई अर्ध्यात अडकल्या आणि म्हणाल्या, "इथेच राहू का? पाणी इथपर्यंत येईल ना?" वरून दानियल गंभीरपणे म्हणाला, "येईल. अजून थोडी चढ." शेवटी त्या रिकाम्या पोत्यावर जाऊन बसल्या. मी एका खालच्या ओंडक्यावर डबा धरून बसले.

"तुझी बायको सांगून गेली, माझ्यासाठी थांबलास."

"बोलावलं असतं तर आली असतीस?"

"नाही."

"म्हणून थांबलो. पाणी आलं की तुला आणायला लालबागला येणार होतो. मागे एक होडी आहे."

रूथबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "तुला होडी वल्हवता येते?"

"नाही," दानियल म्हणाला.

मला हसू आवरेना, मी तोंडात पदर कोंबला. रूथबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता.

"बाबांच्या वेळी आम्ही हसलो," त्या म्हणाल्या, आणि लगेच दुरुस्ती केली, "मी हसले. ते वाईट झालं, दानियल."

त्याने छत्री जरा तिच्या बाजूला कलती केली. मग म्हणाला, "प्रार्थना लांबलीच होती. मी आमेन म्हटलं की ते माती टाकणार होते. म्हणून मला थांबता येईना."

रूथबाईंनी नुसता भावाचा कोट झटकला. त्यावर धूळ नव्हती, तरी झटकत राहिल्या. तोही झटकू देत राहिला.

मग डबा वर गेला. जेवणाआधी दानियलने डोळे मिटले, एका वाक्यात देवाचे आभार मानले आणि आमेन म्हणून टाकलं. बहिणीकडे चोरून पाहिलं.

"एवढीच?" रूथबाई म्हणाल्या. "अजून कर."

"कालवण गार होईल."

"होऊ दे."

आणि दानियलने प्रार्थना केली. वडिलांसाठी केली, बायकोमुलांसाठी केली, मुंबईसाठी केली, दिल्लीला असलेल्यांना सुबुद्धी मिळावी म्हणून केली, परबकाकूंच्या वाळवणासाठीसुद्धा केली, कारण ते मधेच रूथबाईंनी सुचवलं. कालवण गार झालं. कावळे चळतीवर येऊन बसले. रूथबाई शेवटपर्यंत डोळे मिटून होत्या आणि त्यांचं 'आमेन' गोदीपर्यंत ऐकू गेलं असेल. त्यानंतर काय झालं कोण जाणे, दोघांनाही एकदम हसू फुटलं. दानियललाही अगदी तसंच हसता येत होतं, आधी खांदे, मग पोट. काळ्या कोटात ते हसू गदगदा हलत होतं आणि ओंडके कुरकुरत होते.

भरती आली, खाडीच्या कडेला नेहमीएवढी टेकली आणि ओहोटीला लागली. ऊन उतरलं. दानियलने छत्री मिटली. या सगळ्या वेळात रूथबाईंना "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणण्याच्या कितीतरी संधी मिळाल्या. एकदा तर त्यांचं तोंड उघडलेलंही मी पाहिलं. त्यांनी त्यात भाताचा घास घातला.

परत येताना मी म्हटलं, "भाकीत खोटंच ठरलं म्हणायचं."

"कुठलं? आमचं तर खरं ठरलं," त्या म्हणाल्या. "सिंह बैलासारखा कडबा खाईल असं लिहिलंय. खाल्ला ना आज?"

"तुमच्या दोघांत सिंह कोण?"

"आळीपाळीने."

पुढच्या बैठकीत दानियल उठून उभा राहिला आणि रूथ साळवे यांना रविवारच्या शाळेत परत घ्यावं, असं म्हणाला. त्याचं बोलणं लांबलं म्हणे, इतकं की कंटाळून सगळ्यांनी हात वर केले. उपदेशक तोवर निघून गेला होता. जाण्याआधी रूथबाई त्याला भेटायला गेल्या होत्या. त्या संध्याकाळी छडी घेताना त्याचा हात थरथरत होता, हे त्यांच्या लक्षात राहिलं होतं. "भ्यालेला होता बिचारा," त्या मला म्हणाल्या. "लबाड असता तर हात थरथरला नसता. त्याला डिंकाचे लाडू दिले." त्याने काय दिलं, हे काही दिवसांनी रविवारच्या शाळेत कळलं. भिंतीवर तो भलामोठा पडदा लावलेला होता आणि पोरं मूर्तीच्या मातीच्या पायांना आपापली पावलं लावून मापं घेत होती.

मग एकदाचं राज्य झालं. मुंबईसह झालं. शाळेत पेढे वाटले, लेझीम झाली. त्याच सुमाराला माझं लग्न ठरलं आणि मी कोल्हापूरला गेले. रूथबाई निवृत्त झाल्याचं कोणाकडून तरी समजलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते दादरच्या हिंदमाता नाक्यावर. माहेरी आले होते आणि नणंदेसाठी पातळ घ्यायला एका दुकानात शिरले. आत गर्दी होती आणि गर्दीच्या मधोमध, गादीवर, जन्मभर नेसलेल्या पांढऱ्या पातळातल्या रूथबाई. समोर शालू, पैठण्या, जरीचे ढीग. दुकानातला पोक्त गुमास्ता घामाघूम झालेला.

"नवरीचा रंग कसा आहे, बाई?" तो विचारत होता.

"माझ्यासारखाच."

"आणि उंची?"

"माझ्याएवढीच. वयही धरा तेवढंच."

गुमास्त्याने हातातली पैठणी खाली ठेवली. रूथबाईंना मी दिसले आणि त्यांनी मला हात धरून गादीवर बसवलं. मी विचारलं, "कोणाचं लग्न?"

"शास्त्राच्या शेवटच्या पानांत एक नगरी नवरीसारखी नटून आभाळातून खाली उतरते," त्या म्हणाल्या. "पोरांना मी एवढी वर्षं सांगत आले की ती नगरी म्हणजे आपण. परवा एक कार्टी म्हणाली, मग बाई, तुम्ही पांढऱ्यात का? म्हणून आले."

त्यानंतर अख्ख्या दुकानाने मतं दिली. गिरणीतल्या एका कामगाराच्या बायकोने मोरपंखी सुचवला, एका पारशिणीने गुलाबी. रूथबाईंनी पोपटी शालू उचलला, लाल काठांचा, डोळे दिपतील असा. पैसे दिले. गुमास्ता शालू खोक्यात घालायला लागला, तर त्यांनी त्याच्या हातातून तो घेतला, तिथल्या तिथे पांढऱ्यावरून खांद्यावर टाकला आणि पायऱ्या उतरल्या. गुमास्ता रिकामं खोकं घेऊन दारात आला. रूथबाई नाका ओलांडत होत्या. ट्रामवाला घंटा बडवत थांबला, एका सायकलवाल्याने पाय टेकला, आणि त्या मधोमध उभ्या राहून, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे, सगळ्यांना तो काठ दाखवत परळच्या दिशेने चालू लागल्या.